आठवी ओळ

मी काही भोळसट बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत आठ वर्षं सोल्डरिंग करतेय. भिंग डोळ्याला लावून दिवसाला शेकडो जोड देते आणि एखादा कच्चा निघाला तर सुपरवायझरच्या आधी मीच स्वतःला शिव्या घालते. तेव्हा "शेवंती, तुला भास झाला असेल" असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. भास व्हायला मी काय अफू खाऊन बसले होते? जे झालं ते सात-आठ जणांनी बघितलंय, आणि त्यातलं अर्धं माझ्याच तोंडून झालंय.

आमचे हे जाखडी नाचायचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मधोमध शाहीर आणि मृदंगवाला बसतात आणि भोवती आठ जण रिंगण धरून नाचतात. प्रत्येकाच्या उजव्या पायात चाळ, म्हणजे घुंगरांचा जाड पट्टा. आमच्या गावची माणसं मरोळला एकाच वाडीत खोल्या करून राहतात, त्यामुळे मंडळ इथंच, तालीम आमच्याच अंगणात. शाहीर नाना, साठीचे, मंडळातले वडीलधारे. हे रिंगणातले आठवे, आणि सातवे माझे धाकटे दीर, दशरथ भावजी. आमच्या दोन खोल्यांच्या मधे एकच भिंत.

ह्यांची उजवी टाच लहानपणी पोफळीवरून पडून दुखावलेली. गिरकी घेताना पाऊल अर्धी मात्रा मागून पडायचं. सगळ्यांचं छम्म, आणि मग ह्यांचं एकट्याचं छम्. नाना आधी ओरडायचे, मग त्यांनी नाद सोडला. मला तर अंगणात पाठ करून भांडी घासतानाही कळायचं, आता हे वळले.

आमच्या कंपनीत टेस्टिंगला चंद्रप्रकाश नावाचा मुलगा होता, वर्ध्याकडचा. हुशार, पण डोकं कायम कुठंतरी लागलेलं. एकदा मी त्याला म्हटलं, "आज लवकर सुटायचंय रे, आमच्या घरी सगळे चाळ बांधणारेत." तर हा गंभीरपणे विचारतो, "कोणत्या प्लॉटवर, ताई? म्युनिसिपालटीची परवानगी घेतली का?" मी हसून हसून लाल. घुंगरांना चाळ म्हणतात हे त्याच्या गावीही नव्हतं. मग त्याला तालीम बघायला घेऊन आले, आणि तो जो वेडा झाला तो झालाच.

त्याच्याकडे टीव्हीला जोडायचा एक छोटा कॉम्प्युटर होता, मावसभावानं परदेशातून पाठवलेला. नुसता कीबोर्ड दिसायला. त्यातलं सगळं साध्या गाण्याच्या कॅसेटवर भरायचं, आणि ती कॅसेट टेपवर लावली तर कुकरची शिट्टी अडकावी तशी किंचाळायची. त्याच्या डोक्यात आलं की नाचणाऱ्यांच्या टाचेखाली बटण ठेवायचं, कमरेला साबणाच्या वडीएवढी डबी. डबी रेडिओसारखी कॉम्प्युटरला कळवणार की पाऊल पडलं, आणि त्या क्षणी वर टांगलेला त्या माणसाचा रंगीत दिवा लागणार. आठ माणसं, आठ दिवे. डब्यांचे सगळे जोड मी दिले, जेवणाच्या सुट्टीत.

शिमग्याच्या सुमारास पहिली डबी झाली आणि ती ह्यांच्या कमरेला बांधली. चंद्रप्रकाशच्या खोलीत हे एकटे अकरा मिनिटं नाचले. टीव्हीवर ठिपक्यांची ओळ उमटत गेली. हे घाम पुसत म्हणाले, "हा मी?" चंद्रप्रकाश म्हणाला, "हे तुम्हीच, दाजी. आता कधीही लावा, तुमचं पाऊल जसंच्या तसं." ह्यांना इतकं हसू आलं की खाली बसले.

जूनमध्ये कावीळ झाली. नवव्या दिवशी हे गेले.

मी कामावर परत गेले, जोड देत राहिले, कुणी विचारलं तर "ठीक आहे" म्हणत राहिले. ठीक कसलं डोंबल! दिवसभर मला एकच गोष्ट हवी होती. ह्यांचं पाऊल पुन्हा एकदा ऐकायचं होतं. बाकी काही नको.

गणपतीत अंधेरीला एका शाळेच्या हॉलमध्ये जाखडीची स्पर्धा होती, रविवारी दुपारी. आमच्या गावची रीत अशी की नाचणारा गेला तर वर्षभर रिंगणातली त्याची जागा मोकळी ठेवायची, कुणी भरायची नाही. म्हणजे सातच जण नाचणार. चंद्रप्रकाश म्हणाला, "ताई, दाजींची अकरा मिनिटं आहेत की कॅसेटवर. लोखंडी दांडीला त्यांचे चाळ बांधू. कॉम्प्युटर सांगेल तेव्हा दांडी हलेल, चाळ वाजतील, दिवाही लागेल. जागा मोकळीच राहील, फक्त आवाज येईल."

नानांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मेलेल्या माणसाचे चाळ असे वाजवीत नाय, शेवंती." पण मी हट्टाला पेटले. मी म्हटलं, फोटो लावता ना भिंतीवर? हा पावलांचा फोटो. भावजींनीही माझी बाजू घेतली, बिचारे. "वयनीला वाटतंय तर होऊ दे ना, नाना." शेवटी नानांनी हात झटकले, तुमचं तुम्ही बघा म्हणून.

रविवारी पडदा उघडायच्या आधी स्टेजवर गाऱ्हाणं झालं. नाना नारळ हातात घेऊन देवाला सांगतात आणि दर वाक्याला आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतो. त्यात एक वाक्य ठरलेलं, इतकी माणसं उभी राहिली आहेत, तितकीच्या तितकी सुखरूप घरी पोचू देत. नाना त्या वाक्यापाशी आले. "बा देवा म्हाराजा, तुझी ही सात लेकरां..."

मी मधेच बोलले. "नाना, आठ म्हणा."

नानांनी वळून बघितलं. मी पुन्हा म्हटलं, "आठ म्हणा ना! आठ दिवे आहेत, आठ चाळ आहेत. ह्यांना का वगळता?" डोळ्यांत पाणी आलं माझ्या. प्रेक्षक खुर्च्या वाजवत होते. नानांचा नाइलाज झाला. ते म्हणाले, "आठ लेकरां उभी ऱ्हायली हायत. आठीच्या आठी सुखरूप घरला पोचू देत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. चंद्रप्रकाश तेवढा बोलला नाही. तो बावीस प्रतिज्ञा पाळणाऱ्या बौद्ध घरातला, देवाबिवाच्या भानगडीत पडत नसे.

नाच सुरू झाला. मी बाजूला पडद्याआड चंद्रप्रकाशजवळ बसले होते. वर दिवे फुलायला लागले, लाल, पिवळा, हिरवा, आणि ह्यांचा पांढरा. लोकांनी शिट्ट्या मारल्या. दांडी मधोमध मृदंगाशेजारी उभी केलेली. सगळ्यांचं छम्म, आणि मग मागून एकट्याचं छम्. माझा जीव भांड्यात पडला. आले, म्हटलं. आले बाई.

मग नानांनी लय चढवली. स्पर्धेत चढवतातच, पण कॅसेटवर सावकाश लय भरलेली. आता वाट लागली, दांडी मागे पडणार आणि सगळ्यांची फजिती होणार, असं म्हणून मी डोळे मिटले. पण आवाज मागे पडला नाही. तो लयीबरोबर चढला. टाच तशीच अर्धी मात्रा मागे, पण चढत्या लयीतली अर्धी मात्रा.

"झकास रे!" मी चंद्रप्रकाशच्या पाठीत थाप मारली. "हे कधी केलंस?"

तो माझ्याकडे बघत नव्हता. दोन्ही हात मांडीवर. "ताई, मी काही केलं नाही. अकरा मिनिटं केव्हाच संपली. कॅसेट थांबलीये."

मी दांडीकडे बघितलं. दांडी हलत नव्हती. चाळ नुसते लोंबत होते. आवाज मात्र येत होता आणि पांढरा दिवा लागत होता. आवाज दांडीतून नव्हताच. रिंगण फिरत होतं आणि रिंगणातली मोकळी जागा फिरत होती, आणि आवाज त्या जागेतून येत होता. एकदा माझ्यासमोरून गेला, मग पलीकडे, मग पुन्हा माझ्यासमोर. तिथं कुणी नव्हतं. फळ्यांवरची धूळ तेवढी उडत होती.

मी ओरडायला हवं होतं. नाही ओरडले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता.

पहिला नंबर आला. संध्याकाळी सगळे वाडीत परतलो आणि भावजी आणि त्यांची बायको सुलक्षणा माझ्याकडेच जेवायला बसली. मी आमटी वाढली. भावजींनी भुरका मारला आणि मान वर न करता म्हणाले, "शेवंते, कोकम कमी पडलंय गं."

माझ्या हातातला डाव खाली पडला. भावजी जन्मात मला "वयनी"शिवाय हाक मारत नाहीत. शेवंते म्हणणारा एकच माणूस होता. सुलक्षणा दोघांकडे बघत राहिली. भावजींच्या ध्यानातही नव्हतं आपण काय बोललो ते, ते भात कालवत होते.

दुसऱ्या दिवसापासून ते उजवी टाच ओढत चालायला लागले. कामावरून सुटले की स्वतःच्या दारात न जाता माझ्या उंबऱ्यावर येऊन बसायचे, हातात चण्याची पुडी. ह्यांची सवय. पुडीतले सोललेले दाणे बाजूला काढून माझ्यापुढे सरकवायचे. फॅक्टरीतल्या गप्पा सांगायचे, आणि फॅक्टरी हे कामाला होते ती, भावजींची नव्हे. कधी मधेच दचकायचे, "वयनी, मी इकडे कधी आलो?" म्हणायचे आणि घाबरून उठून जायचे. पण ते दचकणं रोज कमी होत गेलं.

आणि मी? मी आमटीत कोकम जास्त घालायला लागले. तिन्हीसांजेला केस विंचरून दारात बसायला लागले. लाज वाटते सांगताना, पण त्या दहा-बारा दिवसांत मी जितकी सुखात होते तितकी लग्नानंतरही नव्हते. अंगाला अंग लागू दिलं नाही, एवढी शुद्ध होती. फक्त बसायचं आणि ऐकायचं. शेजारच्या बायका कुजबुजायला लागल्या होत्या, त्यांच्या नाकावर टिच्चून.

मग एका सकाळी सुलक्षणा आली. पोर तेवीस वर्षांची, लग्नाला वर्ष व्हायचं होतं. दारातच उभी राहिली.

"ताई, हे खोलीत येताना खाकरतात हो."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. आमच्यात थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोसमोर असाच येतो. बाहेरून खाकरायचं, म्हणजे ती डोक्यावरचा पदर सावरील, बाजूला होईल.

"स्वतःच्या खोलीत, ताई! मी समोर आले की मान खाली घालून बाहेर जातात. आठवडा झाला, ओटीवर झोपतात. काल मी हात धरला तर म्हणाले, 'सूनबाई, हे बरं नव्हे. दशरथ कुठंय?'" ती आत आली. "मलाच विचारतात, दशरथ कुठंय! तुम्हाला कळलंय ना सगळं? कळलंय आणि तुम्ही केस विंचरून बसता. मला माझा नवरा द्या, ताई."

थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मी तशीच चंद्रप्रकाशकडे गेले. तो दोन आठवडे मला टाळत होता. त्यानं टीव्ही लावला. स्पर्धेच्या दिवशी आठही जणांची पावलं कॉम्प्युटरनं टिपून ठेवली होती, एकेकाची एक ओळ. आठवी ओळ ह्यांची, ती अकरा मिनिटांनी संपत होती. पुढं कोरी. म्हणजे पांढऱ्या दिव्याला कॉम्प्युटरनं काही सांगितलंच नव्हतं.

"आता सातवी बघा," तो म्हणाला. सातवी भावजींची. अकरा मिनिटं सरळ ठिपके. आणि जिथं आठवी ओळ संपली तिथून सातव्या ओळीत एकेका पावलाला दोन ठिपके होते. एक वेळेवर, आणि एक अर्ध्या मात्रेनं मागून. शेवटपर्यंत तसेच. शेवटाकडे वेळेवरचा ठिपका पुसट होत गेला होता.

"बटण एकच आहे, ताई. एका टाचेखालचं एक बटण असं दोनदा दाबलं जात नाही. मी दहा वेळा तपासलं." त्यानं टीव्ही बंद केला. "माझा ह्या असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण हे मी काय समजू, तुम्हीच सांगा."

मी नानांकडे गेले. नानांना बहुधा आधीच कळलं होतं. ते पानाला चुना लावत होते.

"आठ घरला पोचू देत म्हणायला लावलंस. देवानं आठ पोचवले. देह सातच होते, तर त्याला कुठंतरी बसवायचा. भावाइतकं जवळचं कोण?" मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "दोघं एका अंगात मावत नाहीत, पोरी. दशरथ दिवसेंदिवस मागं सरतोय. फार दिवस नाहीत त्याचे."

"मग पुन्हा गाऱ्हाणं घाला. सात म्हणा."

"सात म्हटलं नि दशरथच गेला तर? कोण जायचं ते सांगावं लागेल. नाव घेऊन. आणि आठ पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघाले त्याच्याच तोंडून." नानांनी पान खाली ठेवलं. "नाव तुला घ्यावं लागंल."

रविवारी सकाळी दहाच्या उन्हात वाडीच्या अंगणात सगळे जमले. रिंगण उभं केलं, भावजी सातव्या जागेवर. सुलक्षणा ओटीच्या खांबाला धरून उभी. चंद्रप्रकाशही आला होता, कंपाउंडपाशी. नानांनी नारळ माझ्या हातात दिला.

बारा वर्षांच्या संसारात मी ह्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं असं आईनं डोक्यात भरलेलं. लग्नात उखाण्यासाठी बायकांनी घेरलं तर मी पदर तोंडात कोंबून रडायला लागले, शेवटी सोडून दिलं. हे मागे लागायचे. एकदा घे ना गं, दोघंच असताना, हळू आवाजात, कुणाला कळतंय? मी म्हणायची, गप्प बसा, तुम्हाला शंभर वर्षं जगवायचंय मला.

"घे, शेवंती," नाना म्हणाले.

समोर भावजींचा चेहरा, पण बघणारे हे होते. त्यांना समजलं होतं मी काय करणार आहे. त्यांनी मान हळूच हलवली, नको म्हणून. मी खांबाकडे बघितलं. सुलक्षणा माझ्याकडे बघत नव्हती, ती त्यांच्याकडे बघत होती, बारा दिवस मी बघत होते तशीच.

"धोंडू," मी म्हटलं. नुसती पुटपुटले.

"मोठ्यानं."

"धोंडू काशिराम मांडवकर!" माझा आवाज वाडीभर गेला. "देवा म्हाराजा, हे गेलेत. ह्यांना जाऊ दे. उभे आहेत ते सात आहेत. सातच घरी पोचू देत."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. ह्या वेळी चंद्रप्रकाशचाही आवाज आला.

हे हसले. भावजी हसताना तोंड मिटून हसतात. हे हसताना सगळे दात दिसायचे, तसे दिसले. म्हणाले, "शेवंते, तुझ्या तोंडून किती गोड लागतं गं. आणखी एकदा घे ना."

मी पुन्हा नाव घेतलं. त्यांनी डोळे मिटले, तर मी पुन्हा घेतलं. भावजींचे गुडघे वाकले, सुलक्षणा धावत आली, तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, कुणी पाणी आणलं. थोड्या वेळानं भावजींनी डोळे उघडून तिला ओळखलं, तिचा हात घट्ट धरला, आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "वयनी, दादाला का हाका मारतेस?" तेव्हा मला कळलं की मी अजून थांबले नव्हते.